टाकीतला पांढरा मोजा

आई वसईहून पहिल्यांदाच बहरीनला येणार होती आणि मी पक्कं ठरवलं होतं, माझ्या घरी तिने बादली उचलायची नाही. विहिरीचं पाणी ओढून ओढून तिच्या तळहातांना घट्टे पडले होते.

पण आमच्या मुहर्रकच्या घरातला पंप माझ्या जिवावर उठला होता. अंगणात जमिनीखाली टाकी होती, तिच्यातलं पाणी तो गच्चीवर चढवायचा. वारा सुटला की झाकणाच्या फटीतून रेती टाकीत पडायची, पंप ती ओढून घ्यायचा आणि घरघर करून बंद पडायचा. मग आमच्या वाट्याला बादल्या. "खलास," म्हणत आमचे हे पान्हा घेऊन बसायचे. मीना सलमान बंदरावरच्या गोदामात कारकून होते, पण आजूबाजूच्या वर्कशॉपमुळे स्वतःला अर्धे इंजिनियर समजायचे. त्यांनी नळीच्या तोंडाला तारेची जाळी लावली, तर रेती खुशाल आत. मग गोणपाट गुंडाळलं, तर पाणीही येईना. आईचं येणं तोंडावर आलं होतं आणि माझं डोकं तापलं होतं.

एक दिवस मी सलमानिया हॉस्पिटलातली नर्सची ड्यूटी करून आले, पायातले पातळ पांढरे लांब मोजे काढले आणि त्यातला एक यांच्या हातात ठेवला. म्हटलं, हा बांधून बघा. हे हसत सुटले, पण बांधला. पंप जो सुरू झाला तो थांबलाच नाही. तेव्हापासून एक मोजा टाकीत, दुसरा धुऊन दोरीवर.

आई आली. तिने नळ सोडला, धार बघितली, बंद केला, पुन्हा सोडला. लहान मुलीसारखा तिचा खेळ चालला होता. मला इतका आनंद झाला की पाणी वाया जातंय हे सांगायचं सुचलंच नाही.

ती परत निघाली तेव्हा मी तिच्यासाठी अत्तर आणलं, साड्या आणल्या. तिला वेगळंच हवं होतं. भावाने विहिरीवर मोटर बसवली होती, पण पालापाचोळा अडकून ती सारखी बंद पडायची.

"बाय, तुझे जुने मोजे दे," ती म्हणाली.

वॉर्डातल्या मैत्रिणींकडून फाटायला आलेले सगळे मोजे मी गोळा केले. आईने ते साड्यांच्या वर, अगदी जपून ठेवले.

पुढच्या लीव्हवर मी वसईला गेले. सवयीने कळशी उचलून विहिरीकडे निघाले, तर ओट्यावर बसलेली आई म्हणाली, "ठेव ती खाली. नळ सोड."