दुसऱ्या महिन्याची पूड

दुसऱ्या महिन्यात मला सगळ्याचीच किळस यायची. उकडलेल्या धानाच्या वासाची, फोडणीची, नवऱ्याच्या डोक्याच्या तेलाची, माझ्याच तोंडाच्या चवीची. सिहोऱ्याकडे आमच्या सासरी अंगणातच धान उकडायचे, त्यामुळे पळून जायला जागा नव्हती. पण या सगळ्याहून घाण गोष्ट मला पितळेच्या गिलासात दिली गेली, आणि तीही मोठ्या प्रेमाने.

भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा होऊन थोडीच वर्षं झाली होती. मी भंडाऱ्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली. सासूबाईंना सुनेच्या शिक्षणाचं कौतुक होतं, पण ते पाहुण्यांना सांगण्यापुरतं. माझी पाळी चुकल्याचं कळलं आणि त्या एस.टी.ने शहापूरच्या पुढे कुठेतरी जाऊन मुलगा होण्याची पूड घेऊन आल्या. काळपट हिरवी. हिंग आणि कुजका पाला एकत्र वाटावा तसा वास. ती पूड पहिल्यांदा व्यालेल्या आणि गोऱ्हा झालेल्या गाईच्या दुधातून घ्यायची. दूध तापवायचं नाही, सडातून निघालं की सरळ गिलासात. सूर्य उगवताना, एका दमात. गिलास देणारी बाई मुलाची आई हवी, आणि पिणारी पीत असताना देणारीने पाठ करून उभं राहायचं, म्हणजे नजर लागत नाही.

"दोन महिने नुसता मासाचा गोळा रायते वो," सासूबाईंनी समजावलं. "तवाच द्या लागते. मंग तो पोरगा होते."

गोळा! कॉलेजात आम्ही उबवलेली अंडी फोडून आतला भ्रूण काढायचो. त्या वासाने अर्धा वर्ग बाहेर पळायचा, पण मी टिकून राहायचे, त्यामुळे गोळा म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. आईबापाच्या पेशी एक झाल्या की त्याच घटकेला मुलगा की मुलगी ठरून जातं, आणि ते ठरतं बापाकडून आलेल्या अंशावर. मग ते फळलेलं अंडं नळीतून गर्भाशयाकडे सरकतं, आणि वाटेतच एकाचे दोन, दोनाचे चार होत जातात. तुतीच्या फळासारखा पुंजका होतो, तो आतून पोकळ होतो, गर्भाशयाच्या अस्तराला चिकटतो आणि त्यात स्वतःला पुरून घेतो. एवढं सगळं बाईची पाळी चुकायच्या आधी. घरात पत्ता लागतो तोवर कण्याची जागा आखायला सुरुवात झालेली असते. मग हृदय धडधडू लागतं, हातापायांच्या जागी फोड यावेत तसे कोंब फुटतात, मागे चक्क शेपटी असते. दिसायला अगदी ओंगळ. पण काम चोख.

मुलगा काय आणि मुलगी काय, तेव्हा बाहेरून सारखीच दिसतात, तेवढंच खरं. पूडवाल्याचं पोट तेवढ्यावर चालत होतं. आणि सगळे अवयव घडत असतात त्याच आठवड्यांत आईच्या पोटात गेलेली भलतीसलती गोष्ट मुलाला जन्माचं अधू करू शकते. नेमकी तीच वेळ या लोकांनी निवडली होती.

मी नवऱ्याला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आईचं मन राख ना. पिऊन टाक, काय होते?" त्या दिवसापासून त्याच्या तेलाचा वास मला दुप्पट यायला लागला.

सकाळी गोठ्याशी गिलास हातात आला. वर फेस, फेसात गाईचा एक केस, खाली बसत चाललेला हिरवा गाळ. सासूबाईंनी पाठ केली. मी तो सगळा गिलास नालीत ओतला आणि तोंड पुसलं. मग खरोखरच उलटी झाली, ती पाहून सासूबाई म्हणाल्या, औषध लागू पडलं.

मुलगा झाला. व्हायचाच होता, तो पूड येण्याआधीच ठरला होता. पण गावात पुडीचं नाव झालं. बाया माझ्या लेकाला बघायला यायच्या आणि पत्ता सासूबाईंकडून न्यायच्या. मी म्हणायचे, मी प्यायलेच नाही हो. त्या एकमेकींकडे बघायच्या. दुसरीला मुलगा होऊ नये म्हणून ही असं बोलते, असं माझ्या पाठीमागे बोललं जाई. मला त्यांची कीव यायला हवी होती, पण यायची ती किळसच.

लेक चालायला लागला तेव्हा धाकटी नणंद माहेरी आली. तिला दोन मुली, आणि पुन्हा दिवस गेलेले. दुसरा महिना. सासूबाईंनी पूड आणून ठेवलीच होती, आणि गिलास द्यायला मुलाची आई म्हणून मला पुढे केलं. तीच गाय नव्हती, पण वास तोच होता.

मी गिलास धरून उभी राहिले. म्हटलं, "मी हे नालीत टाकलं होतं. थेंबसुद्धा घेतला नाही. तुमचं जे व्हायचं ते ठरून गेलं आहे, आता याने फक्त बाळाला इजा होईल."

"खोटं बोलून राहिली," सासूबाई म्हणाल्या.

नणंद मात्र माझ्याकडे बघत राहिली. तिने माझ्यावर विश्वास ठेवला होता, ते मला तिच्या डोळ्यांत दिसलं.

"खरं असन, वहिनी," ती हळू म्हणाली. "पण तुमाले पोरगा आहे, तुमाले फेकता येते. मी नाही पेली आन तिसरी पोरगी झाली, तं सासरी काय सांगू? पेली तं निदान ते नशिबाले बोल लावतीन, माले नाही."

तिने गिलास माझ्या हातून काढून घेतला आणि म्हणाली, "पाठ करा."

मी केली नाही. माझ्याकडे बघत बघत तिने तो तळातल्या गाळासकट रिकामा केला.