वाऱ्याची बाही

आमच्या कापड दुकानाच्या ओट्यावर एक शिलाई मशीन आहे आणि त्या मशीनमागे चाचा आहेत. दोघंही माझ्या वडिलांच्या काळापासून तिथंच. लातुरात गंजगोलाईच्या आसपास कापडवाल्याच्या ओट्यावर शिंपी बसायचा, ही जुनी पद्धत. गिऱ्हाईक आत कापड फाडून घ्यायचं आणि बाहेर माप द्यायचं. तयार कपड्यांनी ते सगळं मोडीत काढलं, पण चाचा उठले नाहीत आणि त्यांना उठवायची माझी छाती नाही. मी लिंगायत, ते मुसलमान. ते मला आप्पा म्हणतात, मी त्यांना चाचा. भांडण रोजचं. मी काही बोललो आणि मशीन जोरात चालायला लागलं, की समजायचं, त्यांना पटलेलं नाही.

तीसेक वर्षांपूर्वी गावाबाहेरच्या विमानतळाचा चौकीदार एक चिठ्ठी घेऊन दुकानात आला. रेणापूरकडचा गडी, नुकताच नोकरीला लागलेला. त्या काळात एक छोटं विमान अधूनमधून यायचं आणि ते बघायला लोक भाकरी बांधून जायचे. चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘बाही, एक नग. नारिंगी व पांढरे पट्टे.’ खाली मापं. मी परकरासाठी ठेवलेलं पॉपलिन काढून दिलं. चाचांनी मापं वाचली आणि चष्मा कपाळावर सारला.

“आप्पा, ह्यो मुंढा बघा. एवढा दंड कोण्या पैलवानाचा हाय?”

“विमानातून काय लहानसहान माणसं येतात?” मी म्हणालो.

“अन् एकच बाही?”

“दुसरी शाबूत असंल.”

असा आमच्या अकलेचा उजेड. विमानतळावरची बाही म्हणजे खांबावर टांगलेली कापडाची लांब नळी, वारा कुठून येतोय ते वैमानिकाला दाखवणारी, हे ना मला माहीत, ना चाचांना. चौकीदाराला माहीत होतं, पण त्याला आम्ही शहाणे वाटलो असणार. चाचांनी जीव ओतून बाही शिवली. निमुळत्या टोकाला दुहेरी कफ लावला, काज केलं, बटण लावलं आणि बटण घालूनच घडी केली. उघड्या बटणाचा कपडा गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा नाही, ही त्यांच्या उस्तादाची शिकवण.

दुसऱ्या दिवशी चौकीदार सायकल हाणत परत आला. आत शिरलेल्या वाऱ्याला बाहेर पडायला वाट नाही, त्यामुळे बाही टम्म फुगून खांबावर आपटत होती. “चाचा, बटन काहाला लावलं? तिथं कुनी हात घालून राहिलंय का?”

चाचांनी शांतपणे कफ उसवला आणि मग पहिल्यांदा विचारलं, की हे आहे तरी काय. चौकीदारानं सगळं समजावून सांगितलं. विमान वाऱ्याला तोंड देऊन उतरतं. वैमानिक वरून आधी बाही बघतो आणि मग धावपट्टीच्या कुठल्या टोकाकडून यायचं ते ठरवतो.

चाचांचा हात थांबला. “म्हंजे माझी शिलाई बघून विमान उतरतंय?”

“हाव की.”

त्या दिवसापासून त्यांना एकच ध्यास लागला. आपण शिवलेली बाही बघून विमान उतरताना एकदा डोळ्यांनी बघायचं. विमानात बसायची हौस त्यांना कधीच नव्हती. फुकट बसवलं असतं तरी बसले नसते. उतरताना बघायचं, एवढंच.

आणि इथं माझा गुन्हा येतो. लगीनसराई होती, ओट्यावर कापडांचे ढीग पडले होते. चाचा म्हणाले, “आप्पा, एक सकाळ जाऊन येतो.” मी म्हणालो, “नवरदेव काय बिनबाह्यांचा मिरवायचा? लगीनसराई सरू द्या, मग महिनाभर तिथंच बसा.” ते परत मशीनवर बसले. लगीनसराई सरली आणि तिच्याबरोबर विमानही सरलं. यायचं बंद झालं ते झालंच. चाचा मला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर मला बरं वाटलं असतं.

पुढं धावपट्टीच्या भेगांतून गवत वर आलं. कुंपणापलीकडच्या शेतांतले लोक बाहीला ‘पायजम्याचा पाय’ म्हणायला लागले आणि तो पाय कुठल्या बाजूला उडतोय ते बघून फवारणीचा पंप पाठीवर घ्यायला लागले. निवडणुकीत हेलिकॉप्टरं यायची, पण ती उतरायची भलत्याच मैदानावर. चौकीदाराला मात्र हुकूम होता, विमान येवो न येवो, खांबावर बाही पाहिजे. उन्हावाऱ्यानं वर्ष-दीड वर्षात तिच्या चिंध्या झाल्या, की तो ओट्यावर हजर. चाचा दर वेळी तेवढ्याच निगुतीनं नवी शिवायचे. “कावळ्यांना वारा दाखवायला एवढी बारीक टीप कशाला, चाचा?” मी विचारायचो. मशीन जोरात चालायचं.

मग नांदेडला विमान परत सुरू झालं. नांदेडचं बरं झालेलं लातूरकराला तसंही सोसत नाही, त्यात चाचांचे व्याही नांदेडचे. ते विमानानं हैदराबादला जाऊन आले आणि विमानतळावरचा स्वतःचा फोटो पाठवला. चाचांनी तो मोबाइलवर दोन बोटांनी मोठा केला, इकडं सरकवला, तिकडं सरकवला, व्याह्यांचं डोकं पार बाहेर घालवलं आणि म्हणाले, “ह्यात बाही कुठं दिसून न्हाई राहिली.”

आपलंही विमानतळ सुरू होणार, अशी बातमी पेपरात यायची. तसल्या बातमीच्या कागदावर मी कितीदा तरी भजी खाल्ली आहेत, त्यामुळे माझा विश्वास बसत नव्हता. पण यंदा चौकीदार स्वतः आला. आता त्याचे केस पिकलेत, निवृत्तीला आलाय.

“चाचा, गवत काढून राहिले. पट्टी नीट करून राहिले. शुक्रवारी सकाळी एक लहान विमान येनार हाय, तपासनीला!”

चाचांनी कात्री खाली ठेवली. चौकीदाराचं तोंड मात्र उतरलेलं होतं. “पर बाही बाहेरून आलीया. तयार. खोक्यातून.”

“येऊ दे,” चाचा म्हणाले आणि कात्री परत उचलली. त्यांच्यापेक्षा मलाच राग आला. समोर बसलेल्या बाईनं निळी साडी आहे का विचारलं, तर मागं न बघताच मी नाही म्हणून टाकलं. कपाटात बारा होत्या.

गुरुवारी सकाळी दुकानासमोर गाडी थांबली. विमानतळाचे एक तरुण साहेब उतरले, मागोमाग चौकीदार. साहेबांच्या हातात ती खोक्यातली बाही, झगझगीत. अडचण अशी झाली होती, की आमच्या खांबावरचं लोखंडी कडं मोठं आणि नव्या बाहीचं तोंड लहान. साहेब म्हणाले, “मास्टर, एवढं तोंड वाढवून द्या. उद्या विमान आहे.”

चाचांनी बाही उलटी करून टिपा बघितल्या, आदरानं घडी घातली आणि परत दिली. “काम चांगलं हाय, साहेब. पर दुसऱ्याच्या कटिंगला मी हात लावत न्हाई.”

हा त्यांचा जुना नियम. दुसऱ्या शिंप्याचं काम उसवणं म्हणजे त्याची अब्रू उसवणं. या नियमापायी त्यांनी माझी किती गिऱ्हाइकं परतवून लावली असतील, त्याला मोजदाद नाही. पण आज साहेब पलीकडच्या गल्लीत गेले असते तर तासाभरात काम झालं असतं, आणि चाचांची बाही खांबावरून कायमची उतरली असती.

“चाचा, अहो, आजच्या दिवस…” मी म्हणालो.

“न्हाई, आप्पा.”

साहेबांनी कपाळ पुसलं. “सध्या वर टांगलेली आहे ती कुणी शिवली?”

चौकीदारानं चाचांकडे बोट केलं. साहेब म्हणाले, “वारा चांगला धरते ती. पण फाटायला आलीय.”

“संध्याकाळपर्यंत नवी देतो,” चाचा म्हणाले. “कापड आप्पाकडं हाय.”

“मापात बसली तर उद्यापुरती लावू.”

याही वेळी लगीनसराईच होती. एका नवरीच्या सहा ब्लाउजांचं गाठोडं मशीनवर पडलं होतं, ते मी स्वतः उचलून आत ठेवलं आणि दुकानातलं सगळ्यात हलकं, सगळ्यात चिवट कापड काढून ओट्यावर टाकलं. नवरीचा मामा तणतणत आला, तर त्याला चहा पाजला. असला आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता. संध्याकाळी साहेबांनी टेप लावून दोनदा मोजलं आणि बाही गाडीत ठेवली.

शुक्रवारी मी दुकान बंद ठेवलं. एरवी ते फक्त महाशिवरात्रीला बंद असतं, त्यामुळे घरून विचारणा झाली, कोण वारलं? चाचा धुतलेला पांढरा सदरा घालून, अत्तर लावून आले. जुम्म्याच्या नमाजाला अजून वेळ होता. चौकीदारानं आम्हाला त्याच्या खोलीपुढं खांबाजवळ उभं केलं. कुंपणाबाहेर शेतातली माणसं, बाया, पोरं जमली होती. बाही वर ताठ फुगलेली होती. वारा रेणापूरकडून होता.

विमान आधी आवाजानंच आलं, मग ठिपका दिसला. ते सरळ पट्टीच्या जवळच्या टोकाशी खाली आलं. आता टेकणार असं वाटत असताना एकदम उचललं आणि आमच्या डोक्यावरून गेलं. लोक हळहळले. मला वाटलं, गेलं परत, आमचं नशीबच फुटकं. पण त्यानं शेतांवरून मोठा वळसा घेतला आणि दुसऱ्या टोकाकडून, वाऱ्याला तोंड देत यायला लागलं.

“बाही बघून वळलं!” चौकीदार ओरडला. “चाचा, तुमची बाही बघून वळलं!”

चाकं टेकली, थोडी धूळ उडाली, कुंपणावर टाळ्या आणि शिट्ट्या सुरू झाल्या. माझे डोळे भरून आले होते, ते लपवायचंही मला सुचलं नाही. “चाचा, बघितलं ना?” म्हणत मी वळलो.

चाचा धावपट्टीकडे पाठ करून उभे होते. मान वर, नजर शिवणीवर, आणि बाहीच्या खाली दोन्ही हात पसरलेले, सुटली तर झेलता यावी म्हणून.

“उतरलं का?” त्यांनी मान न हलवता विचारलं.

“उतरलं, चाचा.”

“नीट?”

“एकदम नीट.”

मग त्यांनी हात खाली घेतले, सदरा सारखा केला आणि विमान बघायला वळले.