लाइन खराब आहे

कुसुम शेट्ये दापोलीहून सिल्वासाला गणित शिकवायला आल्या, तेव्हा इथले कारखाने नुकते कुठे उभे राहत होते. पंधरा वर्षांत शाळेत त्यांचा दरारा बसला. बाई चुकत नाहीत, असं मुलंच काय, पालकही म्हणत.

१९९९ साली एका कारखान्यानं आपला जुना लॅपटॉप आणि मोडेम शाळेला दिला. त्यावर लिनक्स होतं, सगळं कमांड टाइप करून चालवायचं. सुट्टीत कॉम्प्युटरचा कोर्स केलेल्या एकट्या कुसुमबाईच, म्हणून ते काम त्यांच्या गळ्यात पडलं. मुख्याध्यापक भास्कर सरांनी इंटरनेटच्या उद्घाटनाला पालकांना आणि कारखान्याच्या साहेबांना बोलावलंही.

मोडेम फोनच्या तारेला जोडला होता. बाईंनी कमांड दिली. पडद्यावर उमटलं, 'नो डायलटोन', म्हणजे तारेवर फोनचा टोनच नाही. पुन्हा दिली, पुन्हा तेच. सगळे बघत होते.

"लाइन खराब आहे," बाई म्हणाल्या. खरं तर त्यांना काहीच कळलं नव्हतं.

लाइनमन नथूला बोलावणं गेलं. मूळचा नंदुरबारकडचा, बोलण्यात अहिराणीची झाक. त्यानं खांबावर चढून जोड तपासले, खाली येऊन फोन कानाला लावला.

"टोन तर चोख शे ना बाई. ऐका तुम्हीच."

बाईंनी ऐकलं. टोन स्वच्छ होता. मागे कुणीतरी खुदकन हसलं.

"खरखर येतेय," त्या म्हणाल्या.

भास्कर सर नथूवर भडकले. "सरकारी पगार घेता, आणि एक तार नीट ठेवता येत नाही?"

नथूनं बाईंकडे पाहिलं. बाईंनी मोडेमचं माहितीपत्रक उघडून त्यात तोंड खुपसलं. "परत बघतो साहेब," म्हणून तो पुन्हा खांबाकडे गेला.

माहितीपत्रकातच उत्तर होतं. परदेशी मोडेमला आपल्याकडचा टोन ओळखता येत नाही. टोनची वाट न पाहता नंबर लाव, असं त्याला सांगावं लागतं. बाईंनी कमांडमध्ये दोन अक्षरं वाढवली. मोडेम किरकिरला, शिट्टी वाजली, आणि इंटरनेट लागलं. टाळ्या पडल्या.

"बघा," भास्कर सर म्हणाले, "ओरडल्याशिवाय ही माणसं कामच करत नाहीत."

दारात नथू उभा होता. "आता तर मी हातबी नाही लावला साहेब," तो म्हणाला. कुणी ऐकलं नाही. बाईंनी ऐकलं, आणि कारखान्याच्या साहेबांनी दिलेला गुच्छ घेतला.

रविवारी त्या बसनं खानवेलला गेल्या. नथू तिकडे राहायचा.

"नथूभाऊ, लाइन चांगली होती. टोन मीही ऐकला होता."

"माहीत शे बाई."

"मग तिथं बोलला का नाहीत?"

"तुमच्यापुढे माझं कोण ऐकणार?" तो शांतपणे म्हणाला. त्यानं चहा विचारला.

सोमवारी त्यांनी स्टाफरूममध्ये भास्कर सरांना सगळं सांगितलं. सर हसले. "मोठं मन आहे तुमचं. त्या नथूला सांभाळून घेताय."

"सर, मी खोटं बोलले," बाई मोठ्यानं म्हणाल्या.

शेजारच्या रूपालीबाईंनी वह्यांत डोकं घातलं. भास्कर सरांचा चेहरा उतरला, पण नथूला बोलावून त्याची माफी मागतो असं काही ते म्हणाले नाहीत.

घंटा झाली. बाई सातवीच्या वर्गात गेल्या, फळ्यावर गणित लिहिलं आणि बराच वेळ मुलांकडे पाठ करूनच उभ्या राहिल्या.