तिसऱ्या गिअरातले तात्या

तात्या गेल्याचा फोन आला, तेव्हा माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "गाडी कुठं होती?" त्यांचा सख्खा पुतण्या म्हणाला, "शेडात. तात्या झोपेतच गेले." आणि मी सुटकेचा श्वास सोडला... चुलत्याच्या मरणाची बातमी ऐकून! त्या श्वासाची लाज वाटते, म्हणून आज बोलून टाकतो.

पौड रस्त्यावर माझं गॅरेज आहे. कासार आंबोलीचे तात्या माझे लांबचे चुलते. डावा गुडघा क्लच दाबू देईना, म्हणून त्यांनी जुनी ऑटोमॅटिक गाडी घेतली. ती मध्येच धक्का देऊन तिसऱ्या गिअरात अडकायची. बंद करून चालू केली की पुन्हा शहाणी. आणि हे फक्त काकी शेजारी बसल्यावर! एकटे तात्या हिंजवडीपर्यंत सुसाट. काकींना माहेरी मुठ्याला न्यायचं म्हटलं की बैलगाडी. "गाडीबी हिला भिती," तात्या हसत सांगायचे. भावकीतल्या बायका मात्र हळूच काकींचा पायगुण काढायच्या.

स्कॅनर सोलेनॉइडकडे, म्हणजे गिअर बदलणाऱ्या विजेच्या झडपेकडे बोट दाखवत होता. झडप तपासली, ठणठणीत. शेवटी त्या दोघांना पुढे बसवून मी मागे बसलो. समोरून टेम्पो आला आणि काकींनी दार घट्ट धरून उजवा पाय असा रोवला, जणू ब्रेक त्यांच्याकडेच होता. खाट्कन धक्का! परतल्यावर काकींच्या पायाखालचा गालिचा उचलला. खालून गिअरबॉक्सच्या वायरी जात होत्या. मल्टिमीटर लावून एक वायर अंगठ्यानं दाबली, तर आकडा नाचायला लागला. आतली तार तुटून नुसती टेकलेली होती.

"जोडतो," मी म्हणालो. तात्यांनी मला दंडाला धरून शेडाबाहेर नेलं. "हात लावू नगंस. नीट केलीस तर मी पळवणार, अन् ती यष्टीनं जाणार. तिला सांगितलंस तर लाजंनं बसायचीच न्हाई. ऱ्हाऊ दे."

सापडलेला बिघाड तसाच ठेवणारा मी कसला मेकॅनिक! लग्नाकार्यात पायगुणाची कुजबुज कानावर यायची, काकी खाली बघायच्या, आणि मी पत्रावळीत.

तेराव्यानंतर एकदा धीर करून काकींना सगळं सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबला नाही.

"मला ठावं हाय की. पाय दाबला की गाडी हळू व्हती. म्हनलं, आटोम्याटिकला बायकांसाठी येगळा ब्रेक देत असतील."

"अहो, मग त्या बायकांना तसं सांगायचं ना!"

"सांगितलं असतं तर तू दुरुस्त केला असतास, मेल्या."

त्याच दिवशी मी तार जोडली आणि काकींना मुठ्याला घेऊन निघालो. गिअर लोण्यासारखे पडत होते. वळणावर काकींनी पाय रोवला. गाडी तशीच पळत राहिली. त्यांनी आणखी जोर लावला, मग हळूच पाय मागे घेतला.

"सावकाश चालव रे, संजू," त्या म्हणाल्या. "ह्यांना कधी तोंडानं सांगावं लागलं न्हाई."