पंच्याहत्तर जांभळी फुलं

फुलांच्या निमित्ताने माणसांचा अपमान कसा करावा, याची शाळा गिरीज गावात निघाली तर मुख्याध्यापकाच्या खुर्चीवर माझे मामेसासरेच बसतील, आणि बसल्या बसल्या टेबलावरच्या फुलदाणीला नावं ठेवतील. पुष्पगुच्छ दिसला की मामांच्या डोक्यात तिडीक जाते. एका लग्नात नवरदेवाच्या हातातला प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला गुच्छ बघून त्यांनी स्टेजवरच विचारलं, "फुलांना रेनकोट कशाला घातलाय?" एकदा चर्चमध्ये वेदीवर कागदी फुलं दिसली, तर मिस्सा संपल्यावर थेट फादरना गाठलं. म्हणाले, "फादर, पुढच्या रविवारी मीही माझा फोटोच पाठवतो." फादर हसले. मामा हसले नाहीत. स्वतःच्या वाडीत मात्र केळी आणि वांगी. शोभेचं म्हणाल तर कुंपणाला एक जास्वंद, तीही शेजाऱ्याची, इकडे झुकलेली.

माझ्या सासूबाई म्हणजे त्यांची धाकटी बहीण. त्या जूचंद्रला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहतात आणि बाल्कनीत जिवापाड जपून अँथुरियम वाढवतात, ती लाल, प्लास्टिकसारखी चकचकणारी फुलं. नऊ वर्षांपूर्वी त्यांच्या वाढदिवसाला, भरल्या घरात, मामांनी एका अँथुरियमला टिचकी मारली आणि म्हणाले, "बरं आहे. पाणी घालायला नको, फडक्याने पुसलं की झालं." सासूबाईंनी केकची सुरी खाली ठेवली आणि त्या दिवसापासून भावाशी बोलणं बंद. बंद म्हणजे कडकडीत! चर्चमध्ये एका बाकावर बसायची वेळ आली, तर मधे माझ्या बायकोला भिंत म्हणून बसवायचे.

यंदा सासूबाईंना पंच्याहत्तरावं लागणार होतं. आठवडाभर आधी मामांचा फोन आला. "जावई, स्कूटर काढ. तिला जांभळी फुलं पाठवायचीत."

"आणि त्यांनी घेतलीच नाहीत तर?"

"घेईल. घ्यायलाच हवीत. मी एकोणऐंशीचा झालो रे. अबोला धरून बसायला आता वेळ कुठाय?"

तीन संध्याकाळी आम्ही फुलवाल्यांची दुकानं पालथी घातली. ऑर्किड पाहून मामा म्हणाले, "हा फादरचा उपवासकाळातला झगा आहे." ॲस्टर हॉस्पिटलच्या काउंटरवरच शोभतं म्हणे. गोकर्ण दाखवणाऱ्याला तर त्यांनी डोळे तपासून घ्यायला सांगितलं. शेवटी एक दुकानदार हात जोडून म्हणाला, "काका, तुम्हाला नेमका कसला जांभळा पाहिजे?" आणि काय आश्चर्य, मामा टोमणा न मारताच स्कूटरवर जाऊन बसले!

परतताना त्यांनी वाडीत वांग्याच्या वाफ्यापाशी स्कूटर थांबवायला लावली. झाडांना फुलं आली होती, मधे पिवळी, भोवती फिकट जांभळी. "हा जांभळा," मामा म्हणाले.

मी भडकलोच. "मग तीन दिवस मला गावभर कशाला फिरवलंत?"

"तू फ्लॅटातला, तुला काय कळणार? फूल तोडलं की वांगं गेलं. वाडीत भाजीच्या फुलाला कुणी हात लावत नाही. बाजारात तसलाच रंग मिळतो का बघत होतो." मग वाफ्याकडे बघतच म्हणाले, "ती सात वर्षांची होती. हे फूल तोडून केसांत खोचलंन. मी पळत जाऊन बाबांना तिचं नाव सांगितलं. बाबांनी चिंचेच्या फोकाने झोडली तिला. तेव्हापासून तिने केसांत फूल म्हणून घातलं नाही."

"कशाला सांगितलंत पण?"

"मला शहाणा मुलगा व्हायचं होतं," मामा म्हणाले, आणि वाफ्यातलं एक सुकं पान खुडायला वाकले. मला त्यांची चेष्टा करायची इतकी सवय, पण त्या क्षणी मी नुसती स्कूटर सुरू केली.

वाढदिवसाला सकाळी मामांनी स्वतःच्या हाताने पंच्याहत्तर फुलं तोडली. एकेक तोडताना "चल गं बाई" म्हणत होते. केळीच्या पानात गुंडाळून टोपली माझ्या हातात दिली, आणि स्वतः मात्र घाबरून घरीच बसले.

"गिरीजहून आलंय? परत ने," सासूबाई दारातच म्हणाल्या. तरी बायकांची जात, पानाचं टोक उचलून पाहिलंच. पाहिलं आणि खुर्चीत बसल्या. मग त्यांनी एक फूल उचललं, पांढऱ्या अंबाड्यात खोचलं आणि मला म्हणाल्या, "फोन लाव त्याला."

मी फोन लावून स्पीकरवर टाकला.

"मेल्या, पंच्याहत्तर वांगी घालवलीस?" नऊ वर्षांनंतरचं पहिलं वाक्य हे!

"घालवली. चांगली कोवळी झाली असती गं," पलीकडून मामा म्हणाले.

"थांब तू. बाबांना तुझं नावच सांगते."

"सांग. सांगच तू."

दोघं खदाखदा हसली. बाबांना जाऊन चाळीस वर्षं झाली होती. नाव सांगायला त्या दोघांपेक्षा मोठं आता घरात कुणी उरलं नव्हतं.

"जेवायला ये," सासूबाई पदराने नाक पुसत म्हणाल्या. "अँथुरियम पुसायचीत."