पाण्यावर बांबू मारणारा सटवा

सटवा भोई आता गावात नाही. त्याच्याविषयी सांगणारंही कुणी उरलं नाही, म्हणून मी लिहितोय. मला लिहायची सवय नाही.

धर्मापुरीच्या अलीकडे आमचा तलाव आहे. तो गावच्या मच्छीमार संस्थेकडे होता आणि मी संस्थेचा सचिव. सटवा तलावाची राखण करायचा. बांधावर झोपडी, घरात तो आणि बायको साखराबाई. मूलबाळ नव्हतं. गावात क्वचित यायचा, पारावर बसला तरी कडेला बसायचा.

२०१३च्या दुष्काळात तलाव आटून कमरेएवढ्या पाण्यावर आला. शेजारीच जनावरांची छावणी होती. शेण टाकलं की पाण्यात माशांचं खाद्य तयार होतं, असं मी एका शिबिरात ऐकून आलो होतो. ते भरल्या तलावाचं गणित. मी ते आटलेल्या पाण्याला लावलं. छावणीतलं चार ट्रॉल्या शेण आत ओतलं. पाणी हिरवंगार झालं. अध्यक्ष त्रिंबकराव खूश झाले.

आठवड्याने सटवा घरी आला. आत ये म्हटलं तरी पायरीवरच बसला.

"भाऊसाहेब, पहाटं मासे वर येऊन तोंड उघडतेत. पाण्याचा दम कोंडलाय. आता शेण नका टाकू."

"भूक लागली असेल."

"भुकेला मासा पळतो. ह्यो एका जागी उभा ऱ्हातो."

"मग तू काय करतोस?"

"बांबूनं पाणी झोडपतो. तेवढाच वारा आत जातो. साखरा म्हन्ती, पाण्यानं तुजं काय घोडं मारलं?"

त्रिंबकरावांना सांगतो, असं मी म्हणालो. सांगितलं नाही.

मे महिन्यात एक दिवस आभाळ भरून आलं. पाऊस नाही, झाडाचं पान हलेना. दुसऱ्या सकाळी तलाव पांढरा झाला होता. रोहू, कटला, सगळे पोट वर करून काठाला लागलेले. सटवा पाण्यात उभा होता. बांबू हातात, तळवे सोललेले.

मारुतीच्या देवळात बैठक बसली. छावणीतला बद्रीनाथ म्हणाला, "म्या सोता बघितलंय. रोज पहाटं ह्यो पाण्यात कायतरी ढवळीत व्हता."

"काय कालवलंस बे?" त्रिंबकरावांनी विचारलं.

"वारा," सटवा म्हणाला.

लोक हसले. सटवाने माझ्याकडे बघितलं. मला सगळं ठाऊक होतं. मी पायाच्या अंगठ्याने फरशी घासत बसलो. विष घातल्याचा ठपका ठेवून त्याची राखण काढून घेतली.

मत्स्य खात्याच्या साहेबांनी पाणी तपासायला नेलं होतं. चार दिवसांनी ते आले. विष नव्हतंच. पाणी थोडं आणि तापलेलं, त्यात कुजणारं शेण हवा खातं, रात्री पाण्यातलं हिरवं शेवाळही हवाच खातं. ढगाळ दिवशी ऊन नसलं की नवी हवा तयार होत नाही. पहाटेपर्यंत माशांना काही उरत नाही.

"कुणीतरी पाणी हलवत ठेवायला हवं होतं," साहेब म्हणाले.

मी तसाच झोपडीवर गेलो. साखराबाई भांडी बांधत होती. सटवाने सगळं ऐकून घेतलं.

"हे मला ठाऊकच हाय की. चार माणसांत सांगा."

"बैठक सोमवारी आहे."

"मग सोमवारपस्तोर थांबतो."

सोमवारी मी उभा राहिलो. विष नव्हतं, हे बोललो. शेण माझ्या सांगण्यावरून पडलं आणि सटवाने सांगूनही मी गप्प बसलो, तेही बोललो. त्रिंबकराव म्हणाले, "बरं. आता मासेच न्हाईत, तर राखण कशाची?" आणि पुढचा विषय निघाला.

सटवा देवळाच्या पायरीवर बसून ऐकत होता. मी बाहेर आलो तेव्हा तो उठला.

"झालं. आता जाता येतं," म्हणाला.

त्याच दुपारी दोघं गोदाकाठी साखराबाईच्या भावाकडे गेली. पुढे तलाव भरला, संस्थेने पुन्हा मासे सोडले. मी दोन पत्रं पाठवली. उत्तर आलं नाही.

उन्हाळ्यात मी पहाटे तलावावर जातो. मासे वर आलेले दिसले की काठावरून काठीने पाणी झोडपतो. माझ्या हाताला तेवढा जोर नाही. बरोबर करतोय की नाही, ते विचारायला बांधावर कुणी नसतं.