काकांनी पाहिलेलं तळं

काका गेल्याचा बाबांचा फोन आला तेव्हा मी नाशिकला, कॉलेजच्या प्रयोगशाळेत होते. हात पुसत बाहेर पायऱ्यांवर आले आणि पहिला विचार आला तो असा, की आता मला घरी न्यायला कोण येईल... आजवर अशा प्रत्येक वेळी काकाच गाडी घेऊन आले होते. त्या दिवशी स्टँडवरचे त्यांचे एक दोस्त आले. सुरगाण्याचा घाट लागला. तसे ते म्हणाले, "काशिनाथच्या गाडीत घाटात कुणी जीव मुठीत धरून बसलं नाय." ड्रायव्हर लोकांत यापेक्षा मोठं कौतुक नसतं. हेही मला काकांनीच कधीतरी सांगितलेलं.

काशिनाथकाका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. आधी सुरगाणा-नाशिक प्रवासी जीप चालवायचे, मग एका मालकाच्या टुरिस्ट गाडीवर लागले. दर उन्हाळ्यात कुणाची तरी फॅमिली घेऊन ते उत्तरेत, कुमाऊंच्या डोंगरांत जायचे. परत आले की अंगणात बसून सांगायचे... तिथलं वाघाचं जंगल, रस्ता अडवून उभा राहणारा हत्ती आणि नैनितालच्या पलीकडचं एक तळं. "निळंशार. वरचं आभाळ खाली ठेवल्यावानी." ते वाक्य मी शाळेच्या निबंधात लिहिलं होतं. बाईंनी विचारलं, कुणी पाहिलंय हे? मी ताठ मानेनं सांगितलं, माझ्या काकांनी.

माझी बारावी झाली त्या वर्षी मालकानं नवी गाडी घेतली आणि जुनी काकांना विकली. काका म्हणाले, "पहिली ट्रिप आपल्या माणसांची." आजी, आई-बाबा, काकी आणि मी, सगळे निघालो. आमच्याकडे गाडीत बसून माणसं लांब जातात ती कामालाच, द्राक्षाच्या बागांकडे नाहीतर ऊसतोडीला. त्यामुळे सामान भरताना आजीनं सवयीनं नागलीच्या पिठाचा डबा, तवा आणि दोन विळेसुद्धा बांधले. काकांनी विळे पाहिले आणि स्टेअरिंगवर डोकं ठेवून हसत सुटले. "आये, तिथं तुला कोण काम देणार हाय? नुसतं बघायला चाललोय आपण."

"नुसतं बघायला?" आजीनं विचारलं. तिला ते खरं वाटत नव्हतं. विळे काही तिनं काढले नाहीत.

इंदूर, ग्वाल्हेर, आग्रा... रस्त्याकडेला तीन दगड मांडून आम्ही भाकरी भाजत गेलो. जिथं थांबू तिथं काका उतरून आधी चाकामागे एक सागाचा ठोकळा लावायचे, रस्ता सपाट असला तरी. राष्ट्रीय उद्यानाच्या गेटवर आपली गाडी आत नेता येत नाही, तिथल्या उघड्या जीपमधून जावं लागतं. काकांनी जीप ठरवली, आजीला हात देऊन वर बसवलं आणि स्वतः मागे फिरले. आम्हाला वाटलं, थकले असतील. आत हरणांचा कळप दिसला. आजी म्हणाली, "एवढ्या लांब येऊन भेकरंच बघायची का?" पण संध्याकाळी नदीच्या वाळूत हत्तीण आणि पिल्लू दिसलं तेव्हा तिनं हात जोडले. तिच्या शेजारची जागा मात्र रिकामी होती, आणि ती तिच्या लक्षात राहिली.

पुढे डोंगरांत चढलो. काकांच्या त्या तळ्याशी पोहोचलो. गाड्या वर थांबतात, पायवाटेनं खाली जायचं. काकांनी ठोकळा लावला, फडकं काढलं आणि काच पुसायला लागले. आजी दोन पावलं जाऊन थांबली.

"काशिनाथ, तू?"

"जा ना तुम्ही. गाडीपाशी मी हाय. सामान हाय आत."

"तळं कुठल्या अंगाला हाय, दाखव."

काका फडकं पिळत राहिले. मग हळूच म्हणाले, "मला काय ठाव आये. पार्टी खाली जाती, मी गाडीपाशी. ती वर येऊन बोलती ते ऐकलेलं."

आजीनं काकांच्या हातातलं फडकं घेतलं, गाडीच्या पायरीवर बसली आणि मांडीवर विळा घेतला. "जा तू. गाडीपाशी मी हाय. बघू कोण हात लावतो."

काका आमच्याबरोबर खाली उतरले. पाण्याजवळ त्यांनी देवळाबाहेर काढतात तशा चपला काढल्या. तळं हिरवं होतं, देवदारांच्या सावलीनं गर्द हिरवं. काकी म्हणाली, "इतकी वर्षं आम्हाला निळं सांगितलं की."

"ज्यांनी मला सांगितलं त्यांचा गॉगल असंल," काका म्हणाले. ते कितीतरी वेळ पाण्यात पाय सोडून बसले. मग धावत वर गेले, आजीला पाठीवर घेऊन खाली आले. तेवढा वेळ गाडी एकटी राहिली. काही झालं नाही तिला.

त्या जूनमध्ये मी कॉलेजला प्रवेश घेतला. आमच्या घरातून कॉलेजचं गेट कुणी ओलांडलेलं नव्हतं. मला वाटलं, काका बाहेरच थांबतील. त्यांनी गाडी लावली, ठोकळा ठेवला आणि म्हणाले, "चल. मी पण बघतो." रिकाम्या वर्गात ते पहिल्या बाकावर बसले, फळ्याकडे पाहत. बाहेर आल्यावर स्टँडवरच्या सगळ्यांना त्यांनी वर्ग कसा आहे ते सांगितलं. ह्यावेळी ऐकलेलं नव्हतं, पाहिलेलं होतं.

आता गाडी अंगणात उभी आहे. चाकामागे तो ठोकळा त्यांनी शेवटचा ठेवला तसाच. दिवसकार्य झाल्यावर कॉलेजला परत निघाले तेव्हा माझा पाय निघत नव्हता. आजी गाडीच्या पायरीवर बसली होती, हातात फडकं.

"जा तू," ती म्हणाली. "गाडीपाशी मी हाय."